व्याकरणाचा प्रकार कसा ओळखायचा: चॉम्स्कीची उतरंड प्रत्यक्ष वापरताना

थिअरी ऑफ कम्प्युटेशनच्या पेपरसाठी चॉम्स्कीची उतरंड, म्हणजे व्याकरणांचे साध्यापासून अवघडापर्यंत चार प्रकार, बहुतेकांची पाठ असते. टाइप ३ म्हणजे रेग्युलर, टाइप २ म्हणजे कॉन्टेक्स्ट-फ्री, टाइप १ म्हणजे कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह आणि टाइप ० म्हणजे कसलंच बंधन नसलेलं. तक्ता बिनचूक लिहिता येतो. पण एखाद्या फाइलचा पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम) लिहायची वेळ आली की रेजेक्सवर (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्रावर) भागेल की पूर्ण पार्सर लागेल, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

ते ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: मजकूर डावीकडून उजवीकडे वाचत जाताना, आतापर्यंत वाचलेल्यापैकी काय काय लक्षात ठेवावं लागतं? चारही प्रकार या प्रश्नाच्या उत्तरावरून वेगळे होतात. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९५६ आणि १९५९ सालच्या निबंधांत ही मांडणी केली ती माणसांच्या भाषांचा विचार करताना. आज तिचा सर्वाधिक उपयोग कंपायलर आणि पार्सर लिहिणाऱ्यांना होतो.

या लेखात उदाहरण म्हणून जेसन (JSON, डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) घेतो. त्याचं व्याकरण लहान आहे, वेबवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं, आणि एकाच फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे प्रश्न सापडतात.

आधी लिहिण्याची पद्धत

व्याकरणात दोन प्रकारची चिन्हं असतात. टर्मिनल म्हणजे मजकुरात खरोखर दिसणारी चिन्हं: अंक, कंस, स्वल्पविराम. नॉन-टर्मिनल म्हणजे नियम लिहिण्यापुरती घेतलेली नावं. ती मी ⟨ ⟩ अशा कंसांत लिहितो. नियम म्हणजे बाणाच्या डावीकडचं काढून उजवीकडचं ठेवायची परवानगी. सुरुवातीच्या नॉन-टर्मिनलपासून निघून, नियम लावत लावत, फक्त टर्मिनल उरेपर्यंत गेलं की एक शब्दमालिका मिळते. अशा सगळ्या मालिकांचा संच म्हणजे त्या व्याकरणाची भाषा. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’, आणि ‘रिक्त’ म्हणजे काहीच नाही.

पायरी १: नियमांची डावी बाजू बघा

व्याकरण समोर आलं की आधी प्रत्येक नियमाच्या डावीकडे काय आहे ते बघायचं. प्रत्येक ठिकाणी फक्त एक नॉन-टर्मिनल असेल तर व्याकरण किमान कॉन्टेक्स्ट-फ्री आहे. डावीकडे आजूबाजूची चिन्हंही असतील, पण उजवी बाजू डावीपेक्षा कधीच आखूड होत नसेल, तर ते टाइप १. (रिक्त मालिका हवी असल्यास सुरुवातीच्या चिन्हाला रिक्त होण्याची सूट असते, पण मग ते चिन्ह कोणत्याही नियमाच्या उजवीकडे चालत नाही.) उजवी बाजू आखूडही होऊ शकत असेल तर टाइप ०.

टाइप ३ साठी उजवी बाजूही तपासावी लागते. तिथे जास्तीत जास्त एक नॉन-टर्मिनल हवं, आणि ते सगळ्या नियमांत एकाच टोकाला हवं. ‘सगळ्या नियमांत’ या अटीवर विद्यार्थी हमखास घसरतात. हे दोन नियम बघा:

⟨स⟩ → अ ⟨ट⟩ | रिक्त
⟨ट⟩ → ⟨स⟩ ब

प्रत्येक नियम सुटा पाहिला तर रेग्युलर वाटतो. पण एकात नॉन-टर्मिनल उजव्या टोकाला आहे, दुसऱ्यात डाव्या. परिणामी अब, अअबब, अअअबबब अशा मालिका तयार होतात: जितके अ तितकेच ब. ही भाषा रेग्युलर नाही, आणि का नाही ते तिसऱ्या पायरीत येईल.

उलटंही घडतं. ⟨स⟩ → ⟨स⟩ ⟨स⟩ | अ हे व्याकरण दिसायला टाइप २ आहे, पण त्याची भाषा म्हणजे एक किंवा अधिक अ, म्हणजे साधी रेग्युलर. तेव्हा व्याकरणाचा प्रकार आणि भाषेचा प्रकार वेगळे धरा. भाषेचा प्रकार म्हणजे तिच्यासाठी लिहिता येईल अशा सर्वांत साध्या व्याकरणाचा प्रकार. दिलेल्या कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणाची भाषा रेग्युलर आहे का, हे प्रत्येक वेळी सांगू शकेल असा अल्गोरिदम अस्तित्वातच नाही. विचार आपल्यालाच करावा लागतो.

पायरी २: काय लक्षात ठेवावं लागतं?

जेसनमधला पूर्णांक घ्या. ऋण चिन्ह चालतं, अधिक चिन्ह चालत नाही. एकटं शून्य चालतं, पण ०१२ चालत नाही.

⟨पूर्णांक⟩ → - ⟨आकडा⟩ | ० | १ ⟨शेपूट⟩ | … | ९ ⟨शेपूट⟩
⟨आकडा⟩ → ० | १ ⟨शेपूट⟩ | … | ९ ⟨शेपूट⟩
⟨शेपूट⟩ → ० ⟨शेपूट⟩ | … | ९ ⟨शेपूट⟩ | रिक्त

(इथे अंक देवनागरीत लिहिले आहेत; खऱ्या जेसनमध्ये संख्येसाठी इंग्रजी अंकच चालतात.)

संख्या दहा अंकी असो की दहा हजार अंकी, वाचताना एवढंच माहीत असावं लागतं: अजून काही वाचलं नाही, ऋण चिन्ह आलं, शून्य येऊन संपलं, की शून्येतर अंकाने सुरुवात झाली. मोजक्या अवस्था, आणि मजकूर वाढला म्हणून त्या वाढत नाहीत. हेच टाइप ३ आणि हेच फायनाइट ऑटोमॅटन, म्हणजे मोजक्या अवस्थांचं यंत्र. पिन कोड, तारखेचा साचा, प्रोग्रॅमिंग भाषेतली व्हेरिएबलची नावं हे सगळं इथे बसतं.

आता जेसनची यादी, म्हणजे चौकोनी कंसातली मूल्यं (सोयीसाठी मूल्य म्हणजे फक्त संख्या किंवा यादी धरू):

⟨मूल्य⟩ → संख्या | [ ] | [ ⟨यादी⟩ ]
⟨यादी⟩ → ⟨मूल्य⟩ | ⟨मूल्य⟩ , ⟨यादी⟩

[१, [२, ३], [ ]] हे यातून निघतं. [१, २, ] निघत नाही, कारण स्वल्पविरामानंतर ⟨यादी⟩ येते आणि ⟨यादी⟩ कधी रिक्त होत नाही. शेवटच्या स्वल्पविरामावर जेसन पार्सर का अडतो, त्याचं कारण या एका नियमात आहे.

इथे किती कंस उघडे आहेत ते लक्षात ठेवावं लागतं, आणि त्या संख्येला वरची मर्यादा नाही. जेसनमध्ये चौकोनी आणि महिरपी असे दोन प्रकारचे कंस आहेत, त्यामुळे ते कोणत्या क्रमाने उघडले तेही हवं. शेवटी उघडलेला आधी बंद, हा शिस्तीचा हिशेब स्टॅक ठेवतो. एकावर एक ठेवलेल्या ताटांच्या चळतीतलं वरचं ताट आधी उचलावं तसा. एक स्टॅक पुरला की भाषा कॉन्टेक्स्ट-फ्री.

मर्यादेची बाब व्यवहारात महत्त्वाची आहे. खोली तीन कंसांपलीकडे जाणार नाही असं ठरवून दिलं, तर तीच भाषा रेग्युलर होते, कारण मोजायच्या अवस्था मोजक्याच उरतात. तरीही मी तिथे कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरणच लिहीन. तीन पातळ्यांचा रेजेक्स वाचणं जिवावर येतं, आणि चौथी पातळी मागितली जातेच.

पायरी ३: खालच्या प्रकारात बसत नाही हे पक्कं करा

‘रेजेक्सने जमत नाहीये’ आणि ‘रेजेक्सने जमणं शक्यच नाही’ यांत फरक आहे. दुसरं सिद्ध करता आलं की पुढचे तास वाचतात.

कंसांसाठी युक्तिवाद असा. समजा, बरोबर जुळलेले कंस ओळखणारं एक फायनाइट ऑटोमॅटन आहे आणि त्याला शंभर अवस्था आहेत. त्याला एक उघडा कंस देऊन पाहा, मग दोन, मग तीन, असं एकशे एकपर्यंत. सुरुवाती एकशे एक आणि अवस्था शंभर, म्हणजे निदान दोन वेगळ्या सुरुवाती यंत्राला एकाच अवस्थेत आणून सोडतात. समजा, त्या सात कंसांची आणि बारा कंसांची. आता पुढे सात बंद कंस द्या. पहिल्या मालिकेला यंत्राने ‘हो’ म्हणायला हवं. पण अवस्था एकच असल्याने ते दुसरीलाही ‘हो’ म्हणतं, जिच्यात पाच कंस उघडेच आहेत. शंभरच्या जागी कोणतीही संख्या घ्या, युक्तिवाद तोच. जितके अ तितके ब या भाषेलाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

कॉन्टेक्स्ट-फ्रीच्या वरच्या भाषांसाठी बार-हिलेल, पर्लेस आणि शामिर यांचा १९६१ सालचा पम्पिंग लेमा वापरतात. ‘जितके अ, तितके ब आणि तितकेच क’ ही भाषा घ्या. स्टॅकवर अ रचले, ब मोजताना ते उतरवले, की क मोजायला काही उरत नाही. लेमा हीच गोष्ट काटेकोर करतो: पुरेशा लांब मालिकेत जवळजवळचे दोन तुकडे एकत्र फुगवता यायला हवेत, पण तेवढ्या छोट्या टापूत तिन्ही अक्षरं येऊच शकत नाहीत. दोन अक्षरं वाढली तरी तिसरं मागे राहतं.

रेजेक्सबद्दल थोडं जास्त

प्रोग्रॅमिंग भाषांमधले रेजेक्स आता शुद्ध टाइप ३ राहिलेले नाहीत. ‘आधी जे जुळलं तेच पुन्हा’ असं सांगणारा बॅकरेफरन्स आला की आपण रेग्युलर भाषांच्या बाहेर गेलो, आणि जुळणी तपासण्याचं काम सर्वसाधारणपणे एनपी-कम्प्लीट होतं, म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारी पद्धत माहीत नाही. बॅकरेफरन्स नसला तरी बॅकट्रॅकिंग करणारं (अडलं की मागे येऊन दुसरी वाट धरणारं) इंजिन काही रेजेक्सवर प्रचंड वेळ घेतं. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका नव्या रेजेक्समुळे जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरचे सीपीयू पूर्ण व्यापले गेले आणि त्यांच्यामागची संकेतस्थळं सुमारे अर्धा तास कोलमडली. वास्तविक केन थॉम्प्सनने १९६८ मध्येच सगळ्या शक्य अवस्था एकाच वेळी घेऊन चालणारी पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यात वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. गो आणि रस्ट या भाषांची नेहमीची रेजेक्स लायब्ररी ही हमी देते आणि त्या बदल्यात बॅकरेफरन्स देत नाही. बाहेरच्या लोकांनी भरलेला मजकूर तपासायचा असेल तर हा सौदा मला शंभर टक्के मान्य आहे.

पायरी ४: कॉन्टेक्स्ट-फ्रीच्या आत आणखी निवड

बहुतेकांचं प्रत्यक्ष काम या पायरीवर होतं, आणि पाठ्यपुस्तकातला तक्ता नेमका इथेच थांबतो.

पहिली अडचण संदिग्धतेची. हे व्याकरण बघा:

⟨पद⟩ → ⟨पद⟩ + ⟨पद⟩ | ⟨पद⟩ × ⟨पद⟩ | संख्या

२ + ३ × ४ यासाठी इथून दोन वेगळे वृक्ष, म्हणजे मालिकेची रचना दाखवणाऱ्या आकृत्या, निघतात. एकाचं उत्तर १४, दुसऱ्याचं २०. मालिका भाषेत आहे की नाही एवढ्यापुरतं हे व्याकरण बरोबर आहे, पण अर्थ लावायला निरुपयोगी. उपाय म्हणजे प्राधान्याच्या प्रत्येक पातळीला स्वतंत्र नाव द्यायचं:

⟨बेरीज⟩ → ⟨बेरीज⟩ + ⟨गुणाकार⟩ | ⟨गुणाकार⟩
⟨गुणाकार⟩ → ⟨गुणाकार⟩ × ⟨घटक⟩ | ⟨घटक⟩
⟨घटक⟩ → संख्या | ( ⟨बेरीज⟩ )

आता गुणाकार नेहमी बेरजेच्या आत जातो. ⟨बेरीज⟩ स्वतःच्याच नियमात डावीकडे आहे, त्यामुळे गट डावीकडून पडतात. याच जागी वजाबाकी घातली तर ८ - ३ - २ चं उत्तर ३ येतं, ७ नाही.

दुसरी अडचण इथूनच सुरू होते. हाताने लिहिलेल्या रिकर्सिव्ह डिसेंट पार्सरमध्ये प्रत्येक नॉन-टर्मिनलचं एक फंक्शन असतं. ⟨बेरीज⟩चं फंक्शन एकही चिन्ह न वाचता स्वतःलाच हाक मारतं आणि कधीच थांबत नाही. एलएल पार्सरना (वरच्या नियमापासून खाली येणाऱ्यांना) डावा रिकर्शन चालत नाही तो यामुळे. तिथे ‘एक गुणाकार, मग जितक्या वेळा + येईल तितक्या वेळा आणखी एक गुणाकार’ असा लूप लिहायचा आणि वृक्ष बांधताना डावीकडून गट करायचे. डोनाल्ड क्नुथने १९६५ साली मांडलेल्या, छोटे तुकडे जुळवत खालून वर जाणाऱ्या एलआर पद्धतीला मात्र डावा रिकर्शन उलट सोयीचा पडतो. याक आणि बायसन ही व्याकरणावरून पार्सर तयार करणारी साधनं याच घराण्यातली.

कोणतंही कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण सीवायके किंवा अर्ली अल्गोरिदमने तपासता येतं, पण लांबी दुप्पट झाली की वाईटात वाईट परिस्थितीत वेळ आठपट होतो. एलएल आणि एलआरमध्ये लांबी दुप्पट तर वेळही दुप्पट. म्हणून स्वतःची फाइल किंवा छोटी भाषा आखताना ती एलएल(१) ठेवायचा प्रयत्न करा, म्हणजे पुढचं एक टोकन (संख्या, कंस यांसारखा एक सुटा तुकडा) पाहून निर्णय घेता यावा. जेसन असंच आहे, आणि त्याचा पार्सर एका दुपारी लिहून होतो.

ब्रायन फोर्डने २००४ मध्ये मांडलेलं पीईजी (पार्सिंग एक्स्प्रेशन ग्रामर) वेगळ्या वळणाचं आहे. त्यात पर्याय क्रमाने तपासले जातात आणि पहिला जुळला की तोच खरा, त्यामुळे संदिग्धता उरत नाही. पायथनने ३.९ या आवृत्तीपासून जुना एलएल(१) पार्सर सोडून पीईजी घेतलं. धोका एवढाच की पर्यायांचा क्रम चुकला तर एखादा नियम कायमचा झाकला जातो आणि साधन कुरकुरही करत नाही.

हाताने लिहिलेला पार्सर कमअस्सल समजू नका. जीसीसी या कंपायलरने सी++ आणि सी या दोन्ही भाषांसाठी बायसन सोडून रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर घेतला. चुकांबद्दलचे संदेश नीट देता येणं हा अशा पार्सरचा मोठा फायदा आहे.

पायरी ५: व्याकरणाबाहेर काय ठेवायचं ते ठरवा

जेसनमधल्या एका ऑब्जेक्टमध्ये तेच नाव दोनदा आलं तर? २०१७ सालच्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकात नावं वेगवेगळी असावीत अशी शिफारस आहे, पण त्यातलं व्याकरण हे तपासत नाही. तपासूही शकलं नसतं, कारण कितीही नावं एकमेकांपासून वेगळी आहेत का हे एका स्टॅकच्या आवाक्याबाहेरचं आहे.

व्हेरिएबल वापरण्याआधी घोषित केलं आहे का, हाही त्याच जातीचा प्रश्न. रॉबर्ट फ्लॉइडने १९६२ साली दाखवून दिलं की अल्गोल ६० ही प्रोग्रॅमिंग भाषा या अटीमुळे कॉन्टेक्स्ट-फ्री राहत नाही. आणि बॅकस-नाउर पद्धतीचं कॉन्टेक्स्ट-फ्री व्याकरण जिच्यामुळे रूढ झालं ती हीच भाषा. तेव्हापासूनची विभागणी आजही टिकून आहे: टोकन टाइप ३ ने, रचना टाइप २ ने, आणि उरलेल्या अटी सिम्बॉल टेबल (घोषित नावांची यादी) घेऊन साध्या कोडने. या अटींसाठी टाइप १ चं व्याकरण लिहायच्या फंदात पडू नका.

टाइप १ जवळून

तरी ते एकदा हाताने चालवून पाहावं. ‘जितके अ, तितके ब, तितके क’ यासाठी:

१. ⟨स⟩ → अ ⟨स⟩ ⟨ब⟩ ⟨क⟩
२. ⟨स⟩ → अ ⟨ब⟩ ⟨क⟩
३. ⟨क⟩ ⟨ब⟩ → ⟨ब⟩ ⟨क⟩
४. अ ⟨ब⟩ → अ ब
५. ब ⟨ब⟩ → ब ब
६. ब ⟨क⟩ → ब क
७. क ⟨क⟩ → क क

पहिला आणि दुसरा नियम लावून अ अ ⟨ब⟩ ⟨क⟩ ⟨ब⟩ ⟨क⟩ मिळतं. संख्या बरोबर आहे, क्रम नाही. तिसऱ्या नियमाने मधल्या दोघांची अदलाबदल: अ अ ⟨ब⟩ ⟨ब⟩ ⟨क⟩ ⟨क⟩. मग चौथा, पाचवा, सहावा, सातवा ओळीने, आणि अअबबकक तयार. अदलाबदल न करता घाईने चौथा आणि सहावा लावला तर अ अ ब क ⟨ब⟩ ⟨क⟩ इथे आपण अडकतो, कारण क च्या पुढच्या ⟨ब⟩ ला एकही नियम नाही. चुकीचा क्रम बाहेर पडू नये याची काळजी संदर्भच घेतो.

संदर्भ सांगणारे नियम मराठी वाचकाला नवे नाहीत. प्रति + एक = प्रत्येक, अति + अंत = अत्यंत, या संधींमागचं पाणिनीचं सूत्र ‘इको यणचि’. कशाच्या जागी ते षष्ठीत, काय येतं ते प्रथमेत, कशाच्या आधी ते सप्तमीत: डावी बाजू, उजवी बाजू आणि संदर्भ, तिन्ही विभक्तींनी दाखवलेले. पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये बॅकसच्या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ म्हणावं असं सुचवलं होतं. पण नियमाला संदर्भ आहे म्हणून भाषा टाइप १ होत नाही. डग्लस जॉन्सन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की असे ध्वनिनियम स्वतःच्याच फळावर पुन्हापुन्हा लावले नाहीत, तर ते फायनाइट-स्टेट यंत्राने करता येतात. पहिल्या पायरीतला इशारा इथेही लागू आहे.

टाइप १ ची किंमत मोठी आहे. मालिका भाषेत आहे का, याचं उत्तर नेहमी मिळतं, पण तो प्रश्न पीस्पेस-कम्प्लीट आहे, म्हणजे व्यवहारात सर्वसाधारण पार्सर नाही. मग माणसांच्या भाषांचं काय? स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये स्विस जर्मनवरून दाखवलं की कॉन्टेक्स्ट-फ्री पुरत नाही. तिथल्या काही वाक्यांत आधी नामं ओळीने येतात आणि मग त्याच क्रमाने क्रियापदं, आणि प्रत्येक क्रियापद आपापल्या नामाची विभक्ती ठरवतं. कंसांसारखा उलटा क्रम असता तर स्टॅकने निभावलं असतं.

कॉन्टेक्स्ट-फ्री आणि टाइप १ यांच्यामधली जागा शोधली अरविंद जोशी यांनी. पुण्यात १९२९ साली जन्मलेले, पुणे विद्यापीठातून इंजिनिअर झालेले जोशी पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात होते. लेवी आणि ताकाहाशी यांच्याबरोबर त्यांनी १९७५ मध्ये ट्री-अ‍ॅडजॉइनिंग ग्रामर मांडलं. त्यात चिन्हांच्या जागी छोटे वृक्ष एकमेकांत बसवले जातात. स्विस जर्मनसारखी एकमेकांना ओलांडणारी नाती त्यात मावतात, आणि पार्सिंगचा वेळ लांबीच्या सहाव्या घातापर्यंतच जातो. या पातळीला त्यांनी ‘माइल्डली कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह’ म्हटलं. वेगळ्या वाटांनी आलेली आणखी काही व्याकरणं नेमक्या तेवढ्याच ताकदीची निघाली. उतरंडीचा तक्ता छापताना ही पायरी गाळतात, हे मला खटकतं.

टाइप ० बद्दल थोडक्यात: ते ट्युरिंग मशिनइतकंच (संगणकाला जे जमतं ते सगळं करू शकणाऱ्या काल्पनिक यंत्राइतकंच) ताकदवान आहे. मालिका भाषेत असेल तर कधीतरी ‘हो’ येईल; नसेल तर उत्तर येईलच याची खात्री नाही.

पायरी ६: साधनाचं म्हणणं ऐका

टाइप ३ ची दोन व्याकरणं एकच भाषा सांगतात का, हे यंत्र तपासू शकतं. टाइप २ मध्ये ते शक्य नाही, आणि व्याकरण संदिग्ध आहे का हेही सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही. म्हणून बायसनने ‘शिफ्ट/रिड्यूस कॉन्फ्लिक्ट’ (पुढचं चिन्ह घ्यावं की जुळलेला नियम लावावा, हे न ठरणं) सांगितला की तो दाबून पुढे जाऊ नका. त्याचा अर्थ व्याकरण संदिग्ध आहेच असा नाही. कधी एका टोकनाच्या पुढचं दिसत नसल्यानेही तो येतो. बायसन ३.७ पासून काउंटरएक्झाम्पल दाखवण्याची सोय आहे. जिथे दोन वृक्ष निघतात किंवा निर्णय अडतो, ती मालिकाच ते समोर ठेवतं. ती मालिका कागदावर घ्या, दोन्ही वृक्ष काढा, कोणता अर्थ हवा ते ठरवा आणि मगच नियम बदला. बदल झाल्यावर ती मालिका टेस्टमध्ये घाला. नाकारल्या जायला हव्यात अशा मालिकाही तिथेच हव्यात: [१, २, ], ०१२, न मिटलेला कंस आणि रिकामी फाइल.